दुखणे बोलते की माणूस?

आमच्या स्वयंपाकघरात, कालनिर्णयाच्याच खिळ्याला, दोऱ्याने बांधलेली एक शंभर पानी वही अजून लटकते आहे. आता तिच्यात कोणी काही लिहीत नाही. पण 2023 च्या ऑक्टोबरपासून पुढचे चार महिने त्या वहीइतकी महत्त्वाची वस्तू आमच्या घरात दुसरी नव्हती. तारीख, रक्तदाब, नाडी, वजन, झोप किती तास, औषधे घेतली की नाही, असे रकाने मी पट्टीने आखले होते. सर्वांत शेवटचा रकाना होता 'इतर'. मला सांगायचे आहे ते त्या शेवटच्या रकान्याविषयी.

त्या वर्षी गणपती उठले आणि ह्यांच्या छातीत दुखू लागले. साताऱ्यातल्या आमच्या डॉक्टरांनी लगोलग पुण्याला धाडले. तेथे तपासणीत हृदयाच्या तीन रक्तवाहिन्या अरुंद झाल्याचे निघाले आणि चार दिवसांत बायपास झाली. ही शस्त्रक्रिया म्हणजे काय, हे आता पुष्कळांना ठाऊक असते. छातीचे मधले हाड उभे कापतात. पायातली एक शीर आणि छातीच्या आतल्या अंगाची एक रोहिणी घेऊन अडलेल्या जागेला वळसा घालतात. आणि ते हाड पोलादी तारांनी पुन्हा जोडून टाकतात. पायातली शीर वापरून असा वळसा घालण्याची रीत रेने फावालोरो या अर्जेंटिनाच्या शल्यविशारदाने 1967 साली अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे रूढ केली. आज ती इतकी सरावाची झाली आहे, की ह्यांना भेटायला येणारा प्रत्येक दुसरा माणूस आपल्या मेव्हण्याच्या नाहीतर साडूच्या बायपासची हकीकत सांगे आणि "महिनाभरात ठणठणीत होतात हो" असे म्हणून चहा पिऊन जाई.

शरीराचे म्हणाल तर त्यांचे भाकीत चुकले नाही. खोकला आला की छातीशी उशी आवळून धरायची, उताणेच निजायचे, जड उचलायचे नाही, प्लॅस्टिकच्या नळीने श्वास ओढून तीन रंगीत चेंडू वर चढवायचे, रोज थोडे थोडे अंतर वाढवीत चालायचे, हे सगळे ह्यांनी पाळले. जखम भरली. पायाची सूज उतरली. मला जे कोणी सांगितले नव्हते, ते निराळेच होते.

हे मूळचे मितभाषी. सरकारी खात्यात मोजमापाच्या कामात सारा जन्म गेला. बोलणेही तसेच मोजून मापून. लग्नाला अडतीस वर्षे झाली होती, तेवढ्या काळात ह्यांचा आवाज चढलेला मी चार-पाचदाच ऐकला असेन, आणि डोळ्यांत पाणी तर एकदाच, सासूबाई गेल्या तेव्हा. तो माणूस इस्पितळातून घरी आला आणि तिसऱ्या दिवशी नळ नीट बंद केला नाही म्हणून माझ्यावर असा ओरडला, की शेजारच्या वहिनी गॅलरीत आल्या. त्याच संध्याकाळी त्या वहिनींची नात अभ्यासाची वही दाखवायला आली, तर तिच्या वहीतले मोत्यासारखे अक्षर बघून हे ढसढसा रडले. पोर घाबरून पळाली. पुढे हे रोजचेच झाले. सकाळी चिडचिड, दुपारी भिंतीकडे तोंड करून पडणे, रात्री दोन वाजता उठून बसणे. अळणी भाजीचे ताट पुढे आले की ते असे बघत, जणू काही मी मुद्दामच सूड उगवते आहे.

मी घाबरले, पण वाचायची सवय असल्यामुळे वाचले, आणि डॉक्टरांनाही फोन केला. ते म्हणाले, असे होते, पुष्कळांना होते. कारण एक नसते. शरीराला बसलेला जबर धक्का, अतिदक्षता विभागात रात्र-दिवस न कळता झालेली झोपमोड, सतत ठसठसणारी छाती, आणि मरण इतक्या जवळून पाहिल्याची भीती, असे सगळे मिळून मन ढासळते. बहुतेकांचे काही आठवड्यांत ताळ्यावर येते. पण हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर साधारण पाचांतल्या एकाला खरोखरीचे नैराश्य येते, आणि त्याकडे 'होईल बरे' म्हणून काणाडोळा करण्यात धोका असतो. हृदयविकाराचा झटका येऊन गेल्यावर ज्यांना नैराश्याने ग्रासले, त्यांच्यात पुढच्या सहा महिन्यांत दगावण्याचे प्रमाण इतरांपेक्षा बरेच जास्त असल्याचे मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी 1993 सालीच दाखवून दिले आहे. तेव्हा जे दिसेल ते लिहून ठेवा, असे डॉक्टर म्हणाले. म्हणून तो 'इतर'चा रकाना.

(आपल्या भाषेला मात्र यात नवल वाटण्याचे कारण नसावे. काळीज तुटते, ऊर भरून येतो, हृदय पिळवटते असे आपण म्हणतो ते सारे मनाविषयी. सुश्रुतानेही चेतनेचे स्थान हृदयातच सांगितले आहे. मेंदूचा शोध लागल्यावर आपण हृदयाला नुसता पंप ठरवले, आणि पंपाच्या दुरुस्तीनंतर माणूस का रडतो म्हणून बुचकळ्यात पडलो.)

डॉक्टरांच्या त्या बोलण्याने मला मोठाच दिलासा मिळाला. ओरडतात ते हे नव्हेत, ते दुखणे आहे! हे वाक्य मी ताईत बांधावा तसे मनाशी बांधून घेतले. मुलाला आणि सूनबाईंना तेच सांगितले. ह्यांनी एकदा गोळ्यांची डबी भिरकावली, तेव्हा तेच वाक्य मनात म्हणत मी ओट्याखालच्या गोळ्या वेचल्या, पुसून पुन्हा वारांच्या खणांत भरल्या आणि हसून म्हटले, "असू दे हं, राहू दे." अशा वेळी माझा आवाज आपोआप बदलत असे. बालवाडीतल्या बाईंचा असतो तसा गोड, सपाट आवाज. मी स्वतःवर खूष होते. लोकही म्हणत, धन्य हो तुमची.

आणि मग पाडवा आला. शस्त्रक्रियेला सहा आठवडे झाले होते. मुलगा आणि सूनबाई पुण्याहून आली होती. पाटाभोवती सूनबाईंनी रांगोळी काढली होती. हे पाटावर बसले. शर्टाच्या गळ्यातून जखमेचे वरचे टोक दिसत होते. मी निरांजन ओवाळू लागले, तर हे म्हणाले, "कशाला ओवाळतेस? मला नको होतं हे. मी म्हटलं होतं, औषधांवर बघू. तुम्हाला मला जगवायचं होतं. कागदावर सही तेवढी माझी, बाकी सगळं तुमचं."

ताम्हन माझ्या हातात तसेच राहिले. मुलगा उठून बाहेर गेला. रात्री मी वहीत लिहिले: 'पाडवा. ओवाळताना फार चिडले. जगण्याविषयी नको ते बोलले. डॉक्टरांना सांगणे.' लिहिताना हात कापत होता. लिहून झाल्यावर मात्र बरे वाटले. नोंद केली म्हणजे ती गोष्ट दुखण्याच्या खात्यावर जमा झाली, माझ्याशी तिचा संबंध उरला नाही.

पण डॉक्टरांकडे जाण्याच्या आदल्या दिवशी सगळी वही पहिल्यापासून वाचताना मला एक गोष्ट दिसली आणि मी जागच्या जागी बसले. कोजागिरीच्या सुमारास एका रात्री हे उठून बसले होते आणि रडत होते. मी पाठीवरून हात फिरवीत होते. तेव्हा ह्यांनी माझा हात धरून म्हटले होते, "तुझी आई आजारी होती तेव्हा मी आलो नाही. मार्चअखेर होता. पण मार्चअखेर काय, दर वर्षीच येतो. मला यायला पाहिजे होतं."

ही 1994 ची गोष्ट. मिरजेला माझी आई अकरा दिवस अत्यवस्थ होती आणि मी एकटी होते, कडेवर पाच वर्षांचा मुलगा. हे आले ते सगळे आटोपल्यावर. त्याविषयी आम्ही एकोणतीस वर्षांत एक शब्द बोललो नव्हतो. मी विसरले नव्हते. बाईमाणूस अशा गोष्टी विसरत नाही, नीट घडी घालून ठेवते. आणि त्या रात्री ह्यांनी आपण होऊन ती घडी उलगडली. मी ह्यांच्याबरोबर रडले. क्षमाही केली, आणि खरोखर हलकी झाले.

ती नोंद वहीत नव्हती. आज तारीख सांगता येत नाही, ती त्यामुळेच.

मी अठ्ठावीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवले. एकाच प्रकारच्या दोन गोष्टींना दोन न्याय लावणे हा पहिल्या सत्रातला दोष आहे. तोच मी सहा आठवडे करीत आले होते. कडू बोलले की दुखणे बोलले. गोड बोलले की हे बोलले. रात्रीचे रडणे आणि पाडव्याचा संताप, दोन्ही एकाच ढासळलेल्या मनातून आलेले. मग एक 'इतर'च्या रकान्यात आणि दुसरे माझ्या काळजाशी, हे कोणत्या नियमाने? माझ्या सोयीच्या नियमाने, दुसरे काय!

त्यातही एक खोच होती. पाडव्याचे शब्द दुखण्याचे ठरवणे मला एवढे हवे का होते? कारण ते निखालस खोटे नव्हते. पुण्याच्या इस्पितळात हे म्हणाले होते, "औषधांवर बघू या का थोडे दिवस?" तेव्हा मी आणि मुलाने मिळून अर्ध्या तासात ह्यांना गप्प केले होते. वैद्यकीयदृष्ट्या आमचेच बरोबर होते. डॉक्टरही तेच म्हणत होते. पण बरोबर असणे आणि दुसऱ्याला बोलू देणे या दोन गोष्टी आहेत, हे मी वर्गात शेकडो मुलांना शिकवलेले.

पीटर स्ट्रॉसन या इंग्रज तत्त्वज्ञाने 1962 साली एका व्याख्यानात या कोड्याचे मर्म सांगितले आहे. त्याचे म्हणणे आपल्या शब्दांत सांगायचे तर असे: आपण माणसांकडे दोन तऱ्हांनी पाहतो. एक, बरोबरीच्या नात्याने. त्यात राग येतो, उपकार वाटतात, माफी मागता येते, देता येते. दुसरी, सांभाळायची, उपचार करायची वस्तू म्हणून. वेडाच्या भरात किंवा भ्रमात कोणी लागट बोलले तर आपण दुसऱ्या तऱ्हेकडे वळतो आणि मनाला लावून घेत नाही. यात शहाणपण आहे. पण त्याची किंमत अशी, की त्या नजरेत राग जसा मावत नाही, तशी कृतज्ञताही मावत नाही, क्षमाही नाही, आणि दोन प्रौढ माणसांचे एकमेकांवर असते ते प्रेमही नाही. दया मावते. मी हे व्याख्यान दोनदा शिकवले होते. ते घरात चालत आलेले मला ओळखू आले नाही.

ह्यांना मात्र ते माझ्या आधी कळले होते. गोळ्यांच्या डबीच्या प्रसंगानंतर एकदा हे म्हणाले होते, "तू आता माझ्याशी भांडतसुद्धा नाहीस. मी काय मेलोय?" तेही मी वहीत लिहिले होते: 'मरणाचे विचार.' आता वाचताना स्वतःचीच लाज वाटली. ते मरणाचे विचार नव्हते. ती तक्रार होती, आणि अगदी रास्त होती.

त्या दिवशी मी एक केले. संध्याकाळी वही ह्यांच्या हातात दिली आणि म्हटले, "हे उद्या डॉक्टरांना दाखवणार आहे. तुमच्या पाठीमागे नको म्हणून आधी तुम्ही वाचा." हे चष्मा लावून तासभर वाचत बसले. मी आत भाकऱ्या थापत होते आणि छाती धडधडत होती, माझी. शेवटी हे एवढेच म्हणाले, "नऊ तारखेची नाडी चुकली आहे. एकोणऐंशी होती," आणि पेन्सिलीने दुरुस्त केले. पाडव्याच्या नोंदीपाशी थांबले होते की नाही, मला दिसले नाही.

डॉक्टरांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले, ह्यांनाच विचारले, मला नाही. थोड्या महिन्यांसाठी एक गोळी दिली, आणि आठवड्यातून एकदा समुपदेशकाकडे बसायला सांगितले. हे आढेवेढे न घेता तयार झाले, याचे मला नवल वाटले. सांगायला हवे, की त्या गोळीचा आणि त्या बसण्याचा उपयोग झाला. माझ्या तत्त्वज्ञानाने हे बरे झाले, असे कोणाला वाटू नये. आपल्याकडे अजूनही मनाच्या औषधाला लोक बिचकतात. हृदयाच्या सात गोळ्या चालतात, आठवी चालत नाही. घरातले माणूस दोन-दोन आठवडे खिन्न राहू लागले किंवा जगणे नको म्हणू लागले, तर दिवाळीचा मुहूर्त असो की लग्नाचा, त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावे.

भांडणाचे मात्र राहूनच गेले असते. ते झाले मार्गशीर्षात. सकाळी नळाला पाणी येते त्या वेळी मी मागच्या दारी होते, आणि परत आले तर हे भरलेली बादली उचलून मोरीकडे निघालेले! अजून महिनाभर जड उचलायचे नव्हते. माझ्या गोड आवाजाला सापडायची उसंतच मिळाली नाही. मी ओरडले. बादलीवरून ओरडले, मग गोळ्यांच्या डबीवरून, पाडव्यावरून, आणि मग इतके दिवस एकही रात्र धड झोपले नाही त्यावरून. "तुमच्या छातीच्या तारा तुटल्या तर मी काय करू?" असेही म्हटले. हेही ओरडले. "बादलीसुद्धा नाही उचलायची तर मी काय शोकेसमध्ये बसू?" वहिनी पुन्हा गॅलरीत आल्या असणार. दहा मिनिटांनी दोघेही दमलो. ह्यांनी बादली खाली ठेवली, दोन तांब्यांनी अर्धी रिकामी केली, आणि म्हणाले, "आता उचलू?" मी म्हटले, "आता उचला." मग ह्यांनीच चहा टाकला. शस्त्रक्रियेनंतरचा ह्यांच्या हातचा तो पहिला चहा, आणि साखर नेहमीसारखीच जास्त.

दुखणेकऱ्याशी भांडा, असे मी सांगत नाही. पहिल्या महिन्यात ते माझ्याकडून झाले असते तर अघोरी ठरले असते. कधी सांभाळायचे आणि कधी बरोबरीने बोलायचे याची सीमारेषा मला आजही आखून दाखवता येणार नाही. एवढे कळले, की नुसते सांभाळत राहणे सोपे असते. त्यात आपल्याला काही लागत नाही.

1848 साली अमेरिकेतील फिनियस गेज नावाच्या रेल्वेच्या मुकादमाच्या डोक्यातून सुरुंगाची लोखंडी पहार आरपार गेली. तो वाचला, पण स्वभाव पार बदलला, आणि त्याचे सोबती म्हणू लागले की हा आमचा गेज नव्हेच. मानसशास्त्राच्या पुस्तकांत ही कथा बहुधा येथेच संपते. मीही वर्गात येथेच संपवीत असे. पण तोच माणूस पुढे चिलीला जाऊन कित्येक वर्षे घोड्यांच्या टपालगाड्या हाकीत होता. सहा घोडे, ठराविक वेळा, भाडे मोजून घेणे. सोबत्यांनी त्याला ओळखण्याचे सोडून दिल्यानंतरची ही वर्षे आहेत. आता मी ती हकीकत कोणाला सांगितली तर चिलीपर्यंत सांगते.

2024 च्या श्रावणात, हे पूर्ववत झाल्यावर, एका पावसाच्या संध्याकाळी मी धीर करून विचारले, "गेल्या पाडव्याला काय म्हणालात ते आठवतं का हो?" मला वाटले होते, हे ओशाळतील, नाहीतर आठवत नाही म्हणतील.

"आठवतं की," हे म्हणाले. "नकोच होतं मला तेव्हा."

"आणि आता?"

"आता आहे ते बरं आहे. पण तेव्हा तुम्ही मला विचारायला पाहिजे होतं. तुम्ही सांगितलंत."

मी म्हटले, "हो. चुकलं ते." मग थोडे थांबून दुसरे विचारले. "आणि माझ्या आईविषयी बोलला होतात, रात्री?"

हे माझ्याकडे बघत राहिले. "मी? कधी?"

त्या वेळी मला काय वाटले ते नीट सांगता येत नाही. जे मी दुखण्याच्या नावावर टाकले ते ह्यांचे निघाले, आणि जे ह्यांचे म्हणून जिवापाड जपले त्याचा ह्यांना पत्ताच नव्हता. मग मी क्षमा कोणाला केली? दुखण्याला? पण ते शब्द दुसऱ्या कोणाला सुचलेच नसते. मिरज, मार्चअखेर, माझी आई, हे त्या दुखण्याला कोठून ठाऊक? एकोणतीस वर्षे ते कोठेतरी ह्यांच्यातच असणार. असे मी स्वतःला समजावते. यातही मी पुन्हा सोयीचाच नियम लावते आहे की काय, ही शंका आहेच.

मी ह्यांना ते शब्द सांगितले, जसेच्या तसे. हे बराच वेळ गप्प होते. मग विचारले, "मी आलो तो दहाव्याला ना?"

"बाराव्याला."

"बाराव्याला," हे म्हणाले. पुन्हा थोड्या वेळाने, "हे वहीत लिहिलं नाहीस?"

"नाही."

"का?"

याचे उत्तर मी अजून दिलेले नाही. दुखण्याविषयी काही लिहू का, असे विचारले तेव्हा "लिही, पण तारखा तपासून घे" एवढेच हे म्हणाले. दिवाळी अंक हे पहिल्या पानापासून, जाहिरातींसकट वाचतात.